लिनक्सवर दोन मॉनिटर: ताईचं काम, माझी अब्रू आणि एक व्हीजीए केबल

(ऐकण्याऐवजी वाचणाऱ्यांसाठी: भाग बोलला तसाच लिहिलाय, फक्त ‘अं’, ‘आं’ काढलेत. कमांड बोलून दाखवल्या तशा देवनागरीत आहेत, टर्मिनलमध्ये अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या.)

इअरफोन लावलेत? बसमध्ये असा, भांडी घासत असा, काहीही चालेल. आज स्क्रीनकडे बघायची गरज नाही. गंमत म्हणजे विषय स्क्रीनचाच आहे, आणि एक नाही, दोन-दोन.

तर लिनक्सवर दुसरा मॉनिटर कसा लावायचा. सोपं उत्तर असं की केबल खोचा, सेटिंगमध्ये ‘डिस्प्ले’ उघडा, दोन चौकोन दिसतील, ते ओढून हवे तसे ठेवा आणि ‘अप्लाय’ दाबा. दहातल्या आठ वेळा एवढंच असतं आणि भाग इथेच संपतो. मी आज बोलणार आहे ते उरलेल्या दोन वेळांबद्दल, कारण त्यातली एक वेळ माझ्या सख्ख्या बहिणीवर आली होती.

ताई मिरजेला असते. घरून टायपिंगचं काम करते. जुन्या पुस्तकांची स्कॅन केलेली पानं येतात, ती बघून युनिकोडमध्ये टाइप करायची. पैसे पानामागे. तिचा लॅपटॉप २०११ सालचा. विंडोजवर तो इतका रडायला लागला होता की चालू करून चहा टाकावा, चहा पिऊन व्हावा, तरी हा गोल फिरतोच आहे. मग दिवाळीत मी मोठ्या ऐटीत त्यावर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टाकून दिली. लॅपटॉप पळायला लागला. मी हिरो झालो.

आता अडचण बघा. स्क्रीन १३६६ बाय ७६८. त्यावर अर्ध्या भागात स्कॅन, अर्ध्या भागात रायटर. स्कॅन वाचता येईल एवढा मोठा केला की पानाच्या चार ओळी दिसतात. मग ती आल्ट-टॅब करून एक ओळ वाचायची, परत आल्ट-टॅब, ती ओळ टाइप करायची. दिवसभर. मान आखडलेली, डोळे लाल, आणि दिवसाला बारा-तेरा पानं. हातात चारशे वीस पानं होती, चोवीस दिवस होते. गुणाकार करून बघा, जमत नाही. आणि वेळेत दिलं नाही तर पुढचा गठ्ठा दुसऱ्या कुणाकडे जातो, सरळ हिशोब आहे.

मी म्हटलं, अगं, तुला दुसरा मॉनिटर पाहिजे. पुण्यात शेजारच्या एका ऑफिसने जुने मॉनिटर काढले होते. साडेएकवीस इंची, १९२० बाय १०८०, अठराशे रुपयांना मिळाला. स्वारगेटहून एसटीत मांडीवर घेऊन गेलो. कराडपर्यंत मांड्या सुन्न. शुक्रवारी रात्री पोचलो, रविवारी परत यायचं होतं.

लॅपटॉपला व्हीजीए पोर्ट, मॉनिटरला व्हीजीए पोर्ट. निळ्या टोकाची, बाजूला दोन स्क्रू असलेली ती जाडजूड केबल माझ्याच खणात पडली होती, तीच आणली होती. लावली. मॉनिटर लागला! ताईने टाळी वाजवली. आणि मग ती म्हणाली, “अरे, अक्षरं अशी बसकी का दिसतायत?”

खरंच बसकी होती. लाडू काढला असता तर वडा दिसला असता. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये गेलो तर सर्वात मोठा आकार १०२४ बाय ७६८. त्याखाली ८०० बाय ६००. बस्स. १९२० चं नावच नाही. दाजी मागे उभे होते. फार बोलत नाहीत ते. एवढंच म्हणाले, “विंडोजवर असं नव्हतं होत.” त्या एका वाक्याने माझा दिवाळीपासूनचा मान गेला, बरं का.

इथे थोडं थांबतो, कारण हे कळलं की पुढचं सगळं सोपं होतं. मॉनिटर लावल्यावर कॉम्प्युटरला कसं कळतं की समोर काय आहे? मॉनिटर स्वतः सांगतो. त्याच्या आत एक छोटी चिप असते, तिच्यात १२८ बाइटची एक ओळखचिठ्ठी असते. तिला ईडीआयडी म्हणतात. कंपनी कोणती, मॉडेल कोणतं, लांबी-रुंदी किती सेंटिमीटर, कोणते आकार चालतात, हे सगळं त्यात. नव्या मॉनिटरमध्ये पुढे आणखी १२८ बाइटचं पान जोडलेलं असतं. केबल खोचली की लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, पहिल्यांदा ही चिठ्ठी वाचतो. वाचता आली नाही तर? मग त्याला एवढंच समजतं की पलीकडे कुणीतरी आहे. अशा वेळी तो जोखीम घेत नाही, कुठल्याही मॉनिटरला झेपेल असं १०२४ बाय ७६८ देतो.

म्हणजे बसकी अक्षरं हा लिनक्सचा वेडेपणा नव्हता. त्याला चिठ्ठीच मिळाली नव्हती.

पण हे मला शुक्रवारी रात्री सुचलं का? छे. मी शहाणपणा केला. टर्मिनल उघडलं आणि जोर लावला. एक्स, आर, ए, एन, डी, आर. सहा अक्षरांची कमांड, एक्सरँडआर. नुसती टाइप केली की ती सगळी पोर्ट आणि त्यांचे आकार दाखवते. ताईच्या लॅपटॉपचा स्वतःचा पडदा तिथे एलव्हीडीएस-वन नावाने होता, बाहेरचा व्हीजीए-वन. तुमच्या नव्या लॅपटॉपवर पहिल्याचं नाव बहुतेक ईडीपी-वन असेल, दुसऱ्याचं एचडीएमआय-वन किंवा डीपी-वन.

मग सी, व्ही, टी, अशी तीन अक्षरं, पुढे १९२० १०८०. ही कमांड त्या आकाराचं वेळापत्रक काढून देते, मोडलाइन म्हणतात त्याला. ती ओळ एक्सरँडआरला डॅश-डॅश-न्यूमोड म्हणून द्यायची, मग डॅश-डॅश-अॅडमोड करून व्हीजीए-वनला चिकटवायची, मग डॅश-डॅश-आउटपुट, व्हीजीए-वन, डॅश-डॅश-मोड, आणि नाव. इंटरनेटवर जिथे बघाल तिथे हाच उपाय सांगतात. आणि तो चालतोही.

पण रात्रीचे साडेबारा, आणि मला वाटलं, लॅपटॉपचा पडदा मध्ये लुडबुडतोय, आधी तो बंद करू. एलव्हीडीएस-वन, डॅश-डॅश-ऑफ. एंटर. लॅपटॉप काळा. आणि मोडलाइन टाइप करताना मी एक आकडा चुकवला होता, म्हणून मॉनिटरवर एक चौकट, ‘आउट ऑफ रेंज’, आणि तोही काळा. दोन मॉनिटर लावायला आलो आणि शून्य उरले. ताई आत झोपलेली, तिची उघडी फाइल सेव्ह केली होती की नाही, आठवत नाही.

अशा वेळी पॉवरचं बटण दाबून धरू नका. हे खरंच ऐका. कंट्रोल, आल्ट आणि एफ-थ्री एकदम दाबा. सगळ्या खिडक्या-चित्रं बाजूला राहतात आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत लॉगिन येतं. तिथे नाव, पासवर्ड. मग, डिस्प्ले हा शब्द कॅपिटलमध्ये, बरोबरचं चिन्ह, कोलन, शून्य, स्पेस, एक्सरँडआर, डॅश-डॅश-आउटपुट, एलव्हीडीएस-वन, डॅश-डॅश-ऑटो. परत कंट्रोल-आल्ट-एफ-सेव्हन. पडदा परत आला, फाइल जागेवर. हे सगळं मी फोनवर वाचून केलं, म्हणजे त्या रात्री माझा खरा दुसरा मॉनिटर फोनच होता. आणि यातलं काही आठवलं नाही तरी एफ-थ्रीवर जाऊन नीट रीस्टार्ट केलं तरी भागतं. एक्सरँडआरने केलेलं काहीही रीस्टार्टनंतर टिकत नाही.

तेव्हापासून मी एक सवय लावलीय. पडदा बंद पडू शकेल अशी कमांड द्यायची असेल तर तिच्यामागे सेमीकोलन, स्लीप २०, सेमीकोलन आणि पडदा चालू करायची कमांड जोडून ठेवतो. बिघडलं तर वीस सेकंद हाताची घडी घालून बसायचं. सेटिंगच्या खिडकीतून बदल केलात तर हे आपोआपच होतं. ‘हे ठेवायचं का?’ असं विचारतात आणि काही सेकंदांत उत्तर नाही आलं तर जुनं परत. आपण मात्र शहाणे, टर्मिनलमध्ये जातो.

तर, शनिवारी सकाळी आकडा सुधारला, १९२० बाय १०८० आलं. चित्र डाव्या बाजूला बोटभर सरकलेलं, ते मॉनिटरच्या ‘ऑटो’ बटणाने बसलं. दाजींनी चहा दिला. मग ताईने जेवायच्या आधी लॅपटॉप बंद केला, जेवणानंतर चालू केला, आणि परत वडा. मी आत्ताच म्हटलं ना, टिकत नाही. लॉगिनच्या वेळी चालणारी स्क्रिप्ट लिहून ते टिकवता येतं, मी लिहायलाही बसलो होतो. ताई म्हणाली, “तू पुण्यात असताना हे बिघडलं तर मी काय करू?”

बरोबर प्रश्न होता. मग मी खालून सुरुवात केली. लिनक्समध्ये स्लॅश सिस, स्लॅश क्लास, स्लॅश डीआरएम असं एक फोल्डर असतं. त्यात प्रत्येक पोर्टचं एक फोल्डर: कार्ड-झीरो-व्हीजीए-वन वगैरे. काही मशीनवर कार्ड-वन असतं. आत ‘स्टेटस’ नावाची फाइल, ती कॅटने वाचली की ‘कनेक्टेड’ किंवा ‘डिसकनेक्टेड’. आणि शेजारी ‘ईडीआयडी’ नावाची फाइल, म्हणजे ती ओळखचिठ्ठी. फाइल मॅनेजरमध्ये तिचा आकार नेहमी शून्यच दिसतो, त्याला फसू नका. कॅट करून, पाइप देऊन, डब्ल्यूसी डॅश सी करा, मग खरे बाइट कळतात. ताईच्या मशीनवर स्टेटस होतं कनेक्टेड. आणि ईडीआयडी शून्य बाइट.

म्हणजे रंग पोचतायत, चिठ्ठी पोचत नाहीये. मग केबल काढून तिचं तोंड बघितलं. व्हीजीएला पंधरा पिन, पाच-पाचच्या तीन ओळी. लाल, हिरवा, निळा हे पहिल्या तीन पिनांवर. चिठ्ठी येते १२ आणि १५ नंबरच्या पिनांवरून, दोन्ही सर्वात खालच्या ओळीत. आणि माझ्या खणातल्या त्या केबलमध्ये नेमक्या त्या दोन जागा रिकाम्या! तुटलेल्या नव्हत्या, मुळातच नव्हत्या. (९ नंबरची पिन नसेल तर घाबरू नका, तिच्याशिवाय सहसा चालतं.) संध्याकाळी बाजारातून पिना मोजून दुसरी केबल आणली. लावली. यादीत १९२० बाय १०८० सर्वात वर, आपोआप. डब्ल्यूसी म्हणालं १२८. मी ती अर्धवट स्क्रिप्ट डिलीट केली.

दोष माझ्या केबलचा होता आणि मी रात्रभर लिनक्सशी भांडत होतो. दाजींना हे सांगितलं. ते म्हणाले, “हं.”

यानंतरचा भाग मजेचा. मॉनिटर टेबलावर डावीकडे ठेवला आणि माऊस काही केल्या तिकडे जाईना. कारण सेटिंगमध्ये तो उजवीकडे होता. कॉम्प्युटरला तुमचं टेबल दिसत नाही, चौकोन ओढून तुम्हालाच सांगावं लागतं. मग लक्षात आलं, पुस्तकाचं पान उभं असतं. मॉनिटर उभा केला तर? सेटिंगमध्ये ‘रोटेशन’ असतं, ते डावीकडे किंवा उजवीकडे करायचं, मॉनिटर कुठल्या कुशीवर ठेवलाय त्याप्रमाणे. एक्सरँडआरमध्ये डॅश-डॅश-रोटेट, लेफ्ट. १०८० रुंद आणि १९२० उंच. अख्खं पान एका नजरेत!

स्टँड मात्र वळणारा नव्हता. मॉनिटरच्या पाठीला बघा, चौकोनात चार भोकं असतात, बहुतेक वेळा शंभर मिलिमीटर अंतरावर, एम-फोर स्क्रूची. गल्लीतल्या सुतारकाकांनी फळीला चार भोकं पाडून मागे दोन पाय ठोकून दिले. दिसायला बेंगरूळ आहे, पण हलत नाही. जुन्या स्वस्त पॅनेलचा एक तोटा सांगतो: आडवा असताना खालून बघितलं की काळपट दिसतो ना, उभा केला की तेच बाजूने दिसतं. फोटोचं काम असेल तर नको. काळ्या-पांढऱ्या स्कॅनला काही फरक पडत नाही.

उभा मॉनिटर आणि आडवा लॅपटॉप शेजारी आले की माऊस मध्येच अडकतो. १९२० उंचीच्या शेजारी ७६८ उंचीची खिडकी, म्हणजे वरचे ११५२ पिक्सेल भिंत आहे. सेटिंगमध्ये लॅपटॉपचा चौकोन खाली ओढून तळ जुळवला, टेबलावर आहे तसा. लॅपटॉपला ‘प्रायमरी’ केलं, म्हणजे मेनूची पट्टी तिथे. झालं.

ताईचं नशीब एका बाबतीत चांगलं होतं. तिच्या दोन्ही पडद्यांवर एका इंचात साधारण शंभर पिक्सेल बसतात, म्हणून अक्षरं इकडून तिकडे नेली तरी तेवढीच. तुमच्यापैकी ज्यांच्याकडे नवा चौदा इंची, २८८० बाय १८०० वगैरे लॅपटॉप आहे आणि घरी साधा चोवीस इंची मॉनिटर, त्यांच्याकडे हे प्रमाण २४० आणि ९० असं पडतं. लॅपटॉपवर मुंगीएवढी अक्षरं, किंवा मॉनिटरवर हत्तीएवढी. इथे तुमचं सेशन एक्स-इलेव्हन आहे की वेलँड, याने फरक पडतो. एक्स ही पद्धत एमआयटीत १९८४ ला सुरू झाली, अकरावी आवृत्ती १९८७ ची. तिच्या लेखी सगळे मॉनिटर मिळून एकच मोठा फळा, आणि अक्षरांचं माप अख्ख्या फळ्याला एक. मॉनिटर खोचला आणि चालता-चालता जोडला, हे तरी नीट जमायला २००७ ची रँडआर १.२ यावी लागली. त्याआधी लोक झोर्ग-कॉन्फ नावाची फाइल हाताने लिहायचे. वेलँडचं काम २००८ ला सुरू झालं, त्यात प्रत्येक मॉनिटरला वेगळं स्केलिंग देता येतं: लॅपटॉपला २०० टक्के, मॉनिटरला १००. तेव्हा अशी जोडी असेल तर सरळ वेलँड घ्या. ग्नोममध्ये सेटिंगच्या ‘अबाउट’ पानावर ‘विंडोइंग सिस्टिम’ म्हणून लिहिलेलं असतं. फक्त एक, वेलँडमध्ये एक्सरँडआरने खरी मांडणी बदलत नाही. कमांड चालली नाही म्हणून डोकं आपटू नका, सेटिंगमधूनच करा.

आणि मॉनिटर अजिबातच दिसत नसेल, स्टेटसच ‘डिसकनेक्टेड’ असेल तर? यूएसबी-सी असेल तर आधी बघा की त्या पोर्टमधून चित्र जातं का. सगळ्यांतून जात नाही, काही नुसते चार्जिंग आणि डेटाचे असतात. गेमिंग लॅपटॉप असेल तर एचडीएमआयची वायर बऱ्याचदा आतून एनव्हीडियाच्या चिपला जोडलेली असते. बॅटरी वाचवायला ती चिप बंद करून ठेवली असेल तर पोर्टही मेलेलं. आणि डिस्प्लेलिंकवाला डॉक असेल तर त्याला वेगळा ड्रायव्हर लागतो. फोर-के मॉनिटरवर माऊस अडखळत चालतोय? एचडीएमआय १.४ असेल तर फोर-के सेकंदाला ३० चित्रांवरच थांबतं, ६० ला २.० पाहिजे.

ताईची पानं? वीस-एकवीस होतात आता दिवसाला. चारशे वीस पानं तीन दिवस आधी गेली. पुढचा गठ्ठा आलाय, मोडी नाही, देवनागरीच आहे, नशीब.

परवा तिचा फोन आला. “अरे, लॅपटॉपला एचडीएमआयचं भोक रिकामं आहे, त्यात टीव्ही लावते म्हणतात हे, मॅच बघायला. लावू का?” मी म्हटलं, लाव, पण तो सँडी ब्रिज पिढीचा इंटेल आहे, त्याची चिप एका वेळी दोनच वेगळी चित्रं काढते. तिसरा लावलास तर ‘कॅनॉट फाइंड सीआरटीसी’ म्हणेल. टीव्ही हवा असेल तर एक पडदा बंद करावा लागेल.

पलीकडे जरा शांतता. मग दाजींचा आवाज, “राहू दे. मोबाईलवर बघतो.”

चला, भेटू पुढच्या भागात.